बसायची नोकरी

आबा, मी लिहायला बसले आणि एवढ्यात दोनदा उठून आले. एकदा दाराची कडी पाहायला, एकदा उगाच. हल्ली एका जागी जीव ठरत नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देणार नाही, बाई, रोज तासभर चाला. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं उलट सांगितलं होतं आणि मी ते अक्षरशः पाळलं होतं.

तुम्ही डाकेची थैली खांद्यावर टाकून पेठ रस्त्यानं रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत पळायचात. तिथून पुढचा टप्पा दुसऱ्या गड्याचा. त्याच्याकडची थैली घेऊन तुम्ही परत नाशकाला. अठरा वर्षं हेच. घरी आलात की पाय धुऊन चुलीपुढे बसायचात, तीन भाकऱ्या, ठेचा आणि एक कांदा खाऊन तिथंच आडवे व्हायचात. आई गेली तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही थैली उचललीत. शेजारच्यांना ते रुचलं नाही. तुम्ही मला म्हणालात, "घरात बसलो तर माझं डोकं फिरंल, पोरी." ते दुःखातलं बोलणं म्हणून मी सोडून दिलं.

मग मी सातवीची फायनल पास झाले, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले आणि वणीचं स्थळ आलं. मध्यस्थ चहा पिता पिता हसत म्हणाले, मुलाचे वडील विचारत होते, व्याही रस्त्यानं पळतात म्हणे. तुम्हीही हसलात. मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी कागद आणून मी डाक कचेरीच्या साहेबांना अर्ज लिहिला, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात: अर्जदाराचे गुडघे धरतात, तरी बसून करण्याचं काम मिळावं. तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही विचारलंत, "कुणाचे गुडघे?" मी म्हटलं, तुमचे. तुम्ही खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिलंत आणि अंगठा पुढे केलात. साहेबांनी बोलावलं तेव्हा मी कचेरीच्या दारात उभी होते. तुम्ही आत लंगडत गेलात. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

बसायचं काम मिळालं. थैल्यांची तोंडं शिवायची आणि लाखेची मोहोर लावायची. वणीची मंडळी खूश झाली, वैशाखातला मुहूर्त ठरला. पण दिवाळीपर्यंत तुमची भूक गेली, मग झोप गेली. पोट सुटलं, चेहरा पिवळट दिसायला लागला. मी वह्या तपासत असते आणि तुम्ही ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता, वळता, पुन्हा येता. मी म्हणते, आबा, बसा ना जरा. तुम्ही बसता. बसल्यावरही पाय हलत राहतात. डॉक्टरांनी नाडी पाहिली, अशक्तपणा म्हणाले, पूर्ण विश्रांती आणि दूध-तूप. मी शिरा करून घालायचे. दोन घास खाऊन तुम्ही ताटली सरकवायचात. साध्या साध्या गोष्टीवरून चिडायला लागलात. तुम्ही, ज्यांनी मला लहानपणी चापटसुद्धा मारली नव्हती.

माघातल्या एका रविवारी तुम्ही रामकुंडावर आंघोळीला जातो म्हणून निघालात, ते दुपारपर्यंत आला नाहीत. दूधवाल्यानं सांगितलं, आबा पेठ रस्त्यानं चालले होते. मी टांगा केला. रामशेजच्या अलीकडे एका आंब्याखाली तुम्ही झोपला होतात, सदरा घामानं भिजून वाळलेला, तोंड उघडं. शेजारी तुमचा तो पुढच्या टप्प्याचा गडी बसला होता. माझी भाकर अर्धी ह्यानंच खाल्ली, असं कौतुकानं सांगून तो हलक्या आवाजात म्हणाला, "झोपू द्या, बाई. लय दिसांनी डोळा लागलाय त्याचा."

मी तुम्हाला हलवून उठवलं. त्याच्यादेखत बोलले. गुडघे धरतात म्हणून लिहून दिलंय, कुणी कचेरीतल्यानं पाहिलं तर काय सांगायचं, वणीच्या लोकांना कळलं तर काय. तुम्ही डोळे चोळत म्हणालात, "आज अंग हलकं वाटतंय गं. भूकबी लागली." मी म्हटलं, "लग्न होईपर्यंत तरी नीट बसून राहा."

तुम्ही राहिलात. पुन्हा कधी त्या रस्त्याला गेला नाहीत, ओसरीवरच्या फेऱ्यासुद्धा थांबवल्यात. लग्नात खुर्चीवर बसलेले पाहून लोक म्हणाले, आबा किती शांत झाले. श्रावणात वणीला निरोप आला. कचेरीतच, थैली शिवता शिवता, तुम्ही मान टाकली होती. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. नवऱ्यानं मला आयुष्यभरात एकदाही विचारलं नाही की तुझे वडील काय काम करायचे.

मी आता रोज सकाळी चालते. दहा-पंधरा दिवसांत झोप थोडी बरी झाली, मुलाशी विनाकारण होणारे वाद कमी झाले. चालण्यानं माणूस बरा होतो हे कळल्यापासून मात्र दिवसा स्वस्थता नाही. म्हणून हे लिहिलं. कुणाला दाखवणार नाही, मुलालाही नाही.

आबा, मला माहीत नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्या दिवशी टांग्यात मी तुमच्याकडे पाहिलं होतं. गालांवर रंग आला होता, तुम्ही बाहेरची शेतं बघत काहीतरी गुणगुणत होतात. तुम्ही बरे झाला होतात. ते मला दिसलं आणि मी टांगेवाल्याला म्हटलं, जरा लवकर घ्या.