तालमीचा स्कॉटिश फॉरवर्ड

एडिसन, न्यू जर्सी
१४ एप्रिल १९८५

ती. दादांस,

पद्मिनीचा नमस्कार. मी बरी आहे. वहिनींची कंबर कशी आहे? सांगितलेले व्यायाम त्या करत नसणार, हे मला इथे बसून दिसतं. इथला बर्फ वितळला, पण ऊन अजून नावालाच पडतं.

तुमचं पत्र मिळालं. कॅलम बेअर्डला तुम्ही वेगळं इंग्रजी पत्र घातलंत, तेही पोचलं. मी क्लिनिकमधल्या एका पेशंटबद्दल सहज लिहिलं आणि तुम्ही त्याला थेट आपल्या तालमीच्या फुटबॉल संघात घेऊन टाकलंत. चौकात फलकही लागला म्हणता, 'स्कॉटलंडकडून खेळलेला फॉरवर्ड येतोय'. दादा, तो स्कॉटलंडकडून खेळलेला नाही. एकदा निवड झाली होती. अख्खा सामना ट्रॅकसूट घालून बाकावर बसला आणि घरी परत आला. समोरच्या पेठेला एवढं कळू देऊ नका.

बाकीचं खरं आहे. वडील ग्लासगोजवळच्या जहाजाच्या कारखान्यात वेल्डर, हाही सोळाव्या वर्षी तिथेच लागला. शनिवारी खेळायचा. मग एका क्लबने उचललं, आणि त्याने गोलांचा सपाटा लावला, बहुतेक डोक्याने मारलेले. अमेरिकेत आला तेव्हा पोस्टरवर त्याचं चित्र असायचं. पण इथे प्लॅस्टिकच्या गवतावर खेळवतात, खाली टणक जमीन. गुडघा सुजला की सुई टोचायची आणि पुन्हा मैदानात उतरवायचं. असे हंगामामागून हंगाम गेले. आता लीगच बंद पडली. सध्या तो मॉलमधल्या दुकानात गुडघ्यावर बसून लोकांच्या पायात बूट चढवतो. त्याला कुणी ओळखत नाही.

तुमचं ते इंग्रजी पत्र आमच्या फ्रिजवर लावलंय. ते आल्यापासून तो रोज सकाळी शाळेच्या मैदानावर पळतो. गेल्या रविवारी मी गाडीत बसून पाहत होते. पायात बॉल नव्हता, आडवं कुणी आलं नव्हतं, नुसता वळताना कोसळला. उठायला गोलपोस्ट धरावा लागला. त्या गुडघ्यात कूर्चा उरलेली नाही. आणखी एक सामना खेळला तर पुढे काठीशिवाय चालता येणार नाही. हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल.

"फाइव्ह मिनिट्स, पद्मिनी," तो म्हणतो. "डाडांनी बोलावलंय. नो कसं म्हणू?"

वर 'आमच्या फ्रिजवर' लिहून गेले. खोडणार होते, मग राहू दिलं. दादा, जानेवारीत आम्ही टाउन हॉलमध्ये लग्न केलं.

तुम्हाला कळवायला बसले की हात थांबायचा. आईमागे तुम्ही मला वाढवलंत. माझ्या लग्नात हलगी कोण वाजवणार इथपर्यंत तुमचं ठरलेलं होतं. शेवटी धीर झाला नाही आणि पेशंट म्हणून लिहिलं. त्याला मात्र सांगितलं, दादांना कळवलंय, ते खूश आहेत. नेमकं त्यावरच तुमचं बोलावणं आलं. त्याला वाटतं, बायकोच्या भावाने घरच्या जावयाला बोलावलंय. त्याचे वडील गेले, क्लब गेला, मागे कुणी राहिलं नाही. या एका बोलावण्यासाठी तो पाय घालवायला निघालाय, आणि खरं सांगायला माझं तोंड उघडत नाही. मला फार भीती वाटते.

म्हणून मागते. त्याला लिहा की सामना रद्द झाला. कारण काहीही द्या, माझं नाव येऊ देऊ नका. फलक उतरवताना समोरची पेठ तुमची टिंगल करेल, ते माझ्यामुळे. त्याबद्दल माफी मागायलाही मला लाज वाटते.

आणि मनात आलं तरच खाली एक ओळ घाला, सामना नसला तरी दोघं घरी या. त्याला ती साधीच वाटेल. वाचून झालं की तो पत्र माझ्या हातात देईल. ती ओळ नसली तर त्याला काहीच कळणार नाही. मला कळेल.

तुम्ही लिहाल ते सोसणारी,
तुमची
पद्मिनी