लेन्सची जागा

४ जाने., रवि.
माचीवरून निरोप आला. प्रबळगडाच्या कड्यावर ससाण्याची जोडी बसलीये. थंडीत येतेच, आणि आम्ही दोघं जातोच, मी आणि दत्तू. कॅमेरा माझ्या शबनममध्ये. मोठी लेन्स, ट्रायपॉड, पाणी त्याच्या पाठीवर. डॉकातून रिटायर झाल्यावर सामान मिळून घेतलं, तेव्हाच ठरलं: कॅमेरा माझ्या घरी, लेन्स त्याच्या घरी. एकट्याने कुणी सटकू नये म्हणून. तेव्हा गंमत वाटली होती.
दिवाळीनंतर द.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यंदा ओझं सगळं माझ्यावर. शबनमचं काम नाही. बॅग बघणे. लेन्स मागणे.

६ जाने., मंगळ.
दुकानातल्या पोरीने दोन काढल्या. एक खास कॅमेऱ्याची. आत गादीचे कप्पेच कप्पे, दाताच्या डॉक्टरची पेटी जशी. पण भाकरी, पाणी, जाकीट कुठे ठेवायचं? कमरेचा पट्टा म्हणजे नुसती नाडी. दुसरी डोंगराची. पट्टा रुंद, जाड. आत मात्र रिकामं पोतं, कॅमेरा आपटून मरेल.
पोरगी म्हणाली, "काका, यात गादीचा डबा वेगळा बसतो. चेन पाठीकडून आहे, आडवी टाकून उघडायची. म्हणजे पाठीला माती लागत नाही." डोकं आहे पोरीला. "घरी नेऊन बघा, फक्त टॅग काढू नका."
दुसरी आणली. ही दारातच म्हणाली, "डोंगरावं चाललाव का बिऱ्हाड हलवताव?"

९ जाने., शुक्र.
लेन्स अजून मागितली नाही. तिच्या जागी मिठाचे पुडे भरले, वजनाला. जहाजावर कंटेनर बांधण्यात जन्म गेला. जड खाली, हलकं वर, हे हाताला सांगावं लागत नाही. तशीच भरली. मीठ नि पाणी तळाला, कपडे वर.
सकाळी कर्नाळ्याच्या चढावर नेली. बॅग मागे ओढते. कुणी पोर पाठीला लोंबकळतंय असं. खांदे लाल. अर्ध्यातून परत.
बॅगच वाईट. सोमवारी परत करणे.

११ जाने., रवि.
द. काठी टेकत बॅग बघायला आला. बातमी अर्थात हिने पोचवली.
"रुखवत नेतंस काय रं यातून?"
उघडून बघितली नि हसत सुटला. "आरं, जहाज भरलंस! जहाज पान्यावं तरंगतं. तू चालनार हायस."
मग त्याने त्याच्या पद्धतीने भरली. तो डॉकातला ट्रेलरवाला. जड केबिनकडे घ्यायचं, शेपटीकडे टाकलं की चढावर पुढची चाकं हलकी पडतात. केबिन म्हणजे माझी पाठ. कपडे तळाला, मीठ मधोमध, पाठीला चिकटून. आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळला, मग खांद्याचे. गच्चीपर्यंत चढून आलो. खांदे मोकळे. नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय.
मग त्याने मिठाचा पुडा हातात घेऊन विचारलं, "ही कशाची जागा?"
"असंच. वजनाला."
त्याने वितीने जागा मोजली. "मिठानं फोटू निघत नाय," म्हणाला आणि काठी घेऊन गेला.
 

१४ जाने., बुध.
संक्रांत. तीळगुळाचं निमित्त. बॅग रिकामीच पाठीला लावून द.कडे गेलो. आज मागायचीच. पण तोंडात तीळगूळ.
त्यानेच आतून आणली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, नेहमीसारखी. जागेवर ठेवली. बरोब्बर बसली. वाटलं, संपलं. त्याने बॅग उचलली, म्हटलं माझ्या हातात देतोय. त्याने स्वतःच्याच पाठीवर घेतली. काठी भिंतीला लावली आणि अंगणात फेऱ्या मारायला लागला.
म्हटलं, "डॉक्टर काय म्हणतो?"
"सपाटीवं चाला, म्हनतो. चढाचं त्याला इचारलंच नाय."
वहिनी दारातून: "उतरवा ती! कुठं चाललाव?"
"पळस्पे फाट्याला जाऊन येतो."
उतरवली नाही. मीच उठून आलो.

१७ जाने., शनि.
बॅग अजून त्याच्याकडे. टॅग त्याने काढून टाकला असणार.
दुपारी फोन केला. "उद्या जातोय. बॅग न्यायला येऊ?"
"नको. पायथ्याला मी आनतो. पोरगा गाडीनं सोडंल."
"आणि पुढं?"
"तू कॅमेरा आन."
त्याने फोन ठेवला.
बॅटरी चार्ज केली. शबनम धुऊन दोरीवर टाकलीये, वाळेल सकाळपर्यंत.
भाकऱ्या किती करू, ही विचारते. म्हटलं, नेहमीइतक्याच.