थकवा: शून्य

बुधवार, ८ जानेवारी, संध्याकाळ. चेरीताल.

रांझीची सुनंदा आज समुपदेशनाला आली. दोन वर्षांचा तिचा थकवा, झोपून जात नाही, तपासणीत सापडत नाही. मीच तिला निळी वही दिली होती. काय केलं आणि दहापैकी किती थकले, ते लिहायचं. आठच्या खाली आकडा कधी आलाच नाही.

आज पाहिलं तर उद्याचंही पान भरलेलं!

"हे काहून लिहिलं गं? उद्या उजाडायचाय अजून."

"सोमवारी हात चालून राहिला होता दीदी. पुढे पेन नाही उचललं तर तुम्ही रागवाल, म्हणून भरून टाकलं. गलत निकला तो काट देना," ती हसली.

मी रागावलेच. सुट्टीची रोजनिशी एकाच दिवशी लिहिली म्हणून कॉन्व्हेंटात सिस्टरनी मला उभं केलं होतं. अगदी तोच आवाज माझ्या तोंडून निघाला. सुनंदाने नुसते डोळे मिटले.

ती वही इथेच विसरली. आत्ता आजचं पान वाचलं. 'चार वाजता: दीदी रागावल्या.' सोमवारी लिहिलेलं! ओळखते मला, एवढंच ना?

थकलेल्या बाईला मी आणखी थकवलं. सकाळी फोन करून सांगायचं ठरवलं, वही बंद, नुसती बोलायला ये. मग उद्याचं पान वाचलं.

'दहा वाजता: दीदींचा फोन. मी झोपलेली. थकवा: शून्य.'

शून्य? पुढची पानं कोरी आहेत.

सकाळची वाट नाही बघणार. आत्ताच लावते फोन. उचल गं सुनंदा.