खोडलेला एस

१४ सप्टेंबर

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तू मागितले नाहीस, तरी देते. जुनी खोड.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, शेजारीण त्याहून जास्त. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. कोणासाठी, ते विचारू नकोस.

विद्यापीठात तुझा जम बसला, हे मला तुझ्या आईकडून कळतं. आईला रोज फोन, आणि मला? ‘मावशीला नमस्कार सांग.’ नमस्कार! मी काय तुझी घरमालकीण आहे? तुझी आई फिरतीच्या नोकरीत, रविवारपुरती यायची. तिसरीपासून तू माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटल्यास.

राग कशाचा आहे, ते मला ठाऊक आहे. प्रवेशअर्जासाठी स्वतःविषयी इंग्रजीत लिहायचं होतं. कागद माझ्यापुढे ठेवून तू नखं खात उभी राहिलीस. मी लाल पेन काढलं. जन्मभर साहेबांची पत्रं सुधारली, तुला सोडणार होते होय? तू लिहिलं होतंस, ‘माय मदर्स’. मी एस खोडला. पुढच्या ‘दे’चं ‘शी’ केलं.

“मावशी, तिथे एस हवाय.”

“आई एकच असते, भवाने! मला व्याकरण शिकवतेस?”

तू कागद उचललास आणि आत गेलीस. तू, आणि वाद न घालता!

माझं काय चुकलं? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी छड्या मारून शिकवलंय, एकवचन ते एकवचन. मराठीत तरी काय वेगळं? आईचं अनेकवचन करून बघ. आया! म्हणजे पोरं सांभाळायला ठेवलेली पगारी बाई. तेव्हा बरोबर मीच होते.

असं मी सगळ्यांना सांगते.

पण ठमे, त्याच परिच्छेदात पुढे लिहिलं होतंस, की इस्त्री करता करता त्यांतली एक स्पेलिंगं विचारायची, आणि चुकलं की कपड्यांवरचं पाणी तुझ्या तोंडावर शिंपडायची. तुझ्या आईने जन्मात इस्त्री हातात धरली नाही. ती कपडे गादीखाली घालते. ते वाक्य मी वाचलं. वर त्यात एक स्वल्पविरामही घातला.

कळलं होतं मला.

तुझी आई समोर मटार सोलत बसली होती. म्हणाली, “ताई, मोठ्याने वाच ना.” तो एस तिच्यासमोर मोठ्याने कसा वाचू? आठवड्यातून एक दिवस तिला तू मिळायचीस, त्यातही मी वाटेकरी होऊ? म्हणून खोडला. आणि व्याकरणाच्या आड लपले.

परवा तिला हे सांगितलं. तर म्हणाली, “अगं, ठमीने ते आधी मलाच दाखवलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून तर वाच म्हटलं.”

आम्ही दोघी बहिणी एकमेकींना जपत बसलो, आणि मधल्या मध्ये फटका बसला तुला.

अर्ज गेला, प्रवेश मिळाला. त्या विद्यापीठाच्या कागदावर तुला आता कायमची एकच आई. ती चूक माझं लाल पेन सुधारू शकत नाही.

सुट्टीत ये. नाही आलीस तरी पंखा पुसून ठेवीन.

तुझ्या आयांपैकी
थोरली