मोटारीला दम लागतो

रेवदंडा, ता. २ नोव्हेंबर १९३४, जुम्मा
शब्बीरनं मोटार आणली! माझ्या नातवानं! आईबाप गेल्यावर मीच वाढवला त्याला, मीच. मोटार म्हातारी आहे. चार मालक झाले, मैल मोजायचं घड्याळ थकून केव्हाच बंद पडलंय. पण हॉर्न असा की शेजारची शहरबानू तव्यावरची भाकरी टाकून बाहेर आली. भाकरी जळली. बरं झालं.
रेवदंडा ते अलिबाग सर्व्हिस करणार आमचा शब्बीर. अलिबागचे ताजुद्दीनशेठ मुलगी द्यायला तयार आहेत, महेरुन्निसा. तिला अजून बघितलं नाही, पण तिच्या हातची सांदणं खाल्लीत, कापसासारखी. मी करते ती जरा घट्ट होतात, पण पोटाला आधार देतात. असो. शेठ म्हणतात, आधी मुलाच्या मोटारीतून रेवदंड्याला येतो, मग हो म्हणतो. सोळा तारखेला.

ता. ३, सकाळी
शब्बीर उठायच्या आत मोटार तपासली. मी नाखव्याची बायको. आमचे हे, अल्ला त्यांना जन्नत देवो, गलबत पाण्यात ढकलायच्या आधी बोटानं सगळं चाचपायचे. भोक दिसलं की राळ-तेलाचा लेप. मोटारीला एकच भोक निघालं, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला, सुई जाईल एवढं. विकणाऱ्यानं दाखवलं नाही, लबाड! पेट्रोल हवेनं उडतं हे शब्बीरच सांगतो. बुजवून टाकलं, पक्कं. कुणाला बोलले नाही. उजव्या हाताचं नेक काम डाव्याला कळू नये.

ता. ५
मोटार नागावला बंद पडली. आधी वाऱ्यासारखी पळाली म्हणे, मग खोकली, दम लागला, बसली. शब्बीरनं टाकीचं झाकण काढून आत काठी बुडवली. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, हँडल मारलं, सुरू! पुढे अक्षीला परत तेच.
कारण मला लगेच कळलं. नजर. शहरबानूची. उद्या मिरच्या ओवाळते.

ता. ६
ओवाळल्या. आज चौललाच बसली. मिरच्या जुन्या असणार.

ता. ८
अलिबागच्या रामचंद्र मेकॅनिककडे नेली. त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, टाकी उघडी ठेवून दुपारभर इंजिन चालवलं. एकदा खोकली असेल तर शपथ! डॉक्टरापुढे दाढ दुखायची थांबते तसं. म्हणाला, गाडीत दोष नाही, चालवणाऱ्यात असेल. परत येताना नागावला बसलीच. उतारू दादूच्या टांग्यात चढले. दादू त्यांना म्हणाला, या, माझं इंजिन गवत खातं पण चालतं. शब्बीर जेवला नाही. म्हणतो, शेठसमोर असं झालं तर लग्न विसरा.
मेल्या मोटारीला काय झालंय?

ता. १०
आज स्वतः बसून गेले. डोळे उघडे ठेवले की सगळं कळतं. चौल सोडलं आणि खोकायला लागली. मी जोरात बिस्मिल्ला म्हटलं, त्याच वेळी शब्बीरनं झाकण काढलं, फुस्स आवाज झाला, मोटार सुरू. म्हणजे दुआनं चालते.
शब्बीर म्हणतो, दादी, झाकण उघडलं की चालते, त्या झाकणातच काहीतरी आहे. मी म्हटलं, वेडा आहेस, मी स्वतः बघितलंय, त्याला आता एक भोकसुद्धा नाही.

ता. १५
निश्चय: उद्या मी पुढे बसणार, अलिबागपासून घरापर्यंत पठण करणार. शेठसमोर सारखं झाकण काढणं बरं दिसत नाही, म्हणून त्यावर फडकंही आवळून बांधलं. आता चिंता नाही.

ता. १६, जुम्मा
अक्षीला बसली. मी पठण वाढवलं, तेव्हा खोकत खोकत निघाली. नागावला अशी बसली की हलेना. ताजुद्दीनशेठ जरीच्या टोपीसकट मागून ढकलत होते. म्हणाले, मुलगी माहेरी यायची म्हणजे आम्ही दरवेळी ढकलायला यायचं का रे? शब्बीरनं मान खाली घातली. पोराचा चेहरा बघवेना. मी आणखी जोरात म्हटलं.
शेठनी विचारलं, हे फडकं कसलं? सोडलं, झाकण काढलं. फुस्स. वास घेतला, नखानं खरवडलं. ओरडले, राळ! अरे, मोटार आहे की मचवा? या भोकातून टाकीत हवा जाते म्हणून पेट्रोल खाली उतरतं. कुणी बुजवलं हे?
शब्बीरनं माझ्याकडे बघितलं. मी नारळाकडे बघितलं. नागावचे नारळ यंदा चांगले आहेत.
शेठनी माझ्याच ओढणीची टाचणी मागून भोक मोकळं केलं. मोटार रेवदंड्यापर्यंत कुठे थांबली नाही. शेठ वाटभर हसत होते, डोळे पुसत होते. लग्न पक्कं! शेवटी माझ्याच टाचणीनं जमलं. शेठनी शब्बीरच्या कानात एक अट सांगितली. काय ती, विचारायला हवं.

ता. २३, जुम्मा
अट कळली. कुलसुमबींनी, म्हणजे मी, मोटारीपासून दहा हात लांब राहायचं. मला कुठे बसायचंय? मला मळमळतं. मीच म्हटलं, मी भागोजीच्या बैलगाडीनं येते. निकाह अलिबागला. पहाटेच निघालो. चौलला भागोजीनं चहा घेतला. बैलांनी पाणी घेतलं. एक बैल मधेच बसला.
नागावला पोचलो तर समोरून हॉर्न. आमचीच मोटार, फुलांनी मढलेली. निकाह होऊन नवरी घेऊन परत निघालीसुद्धा! भर्रकन गेली. भागोजी म्हणतो, आजी, तुमची मोटार आता कुटं थांबत न्हाय. मी म्हटलं, थांबेल कशी, तिचं सगळं मीच केलंय. तो म्हणाला, व्हय, आता गाडी फिरवू का?
फिरवली. घरी आले तर दारात शहरबानू. माझ्या दारात! नातसुनेला तिनंच घरात घेतलं, मीठ-मोहऱ्या तिनंच ओवाळल्या, आणि ओट्यावर बसून सलाम घेत होती.
मी गाडीतून उतरले, धुळीनं पांढरी. महेरुन्निसा शब्बीरला हळूच विचारत होती, ह्या कोण आल्या?