निखाऱ्याला रॉकेलचा वास

आई, तू कशी आहेस? गुडघे अजून कुरकुरतात, की तिथं गेल्यावर गुडघ्यांचं कामच संपलं? आप्पांचा खोकला कसा आहे? जन्मभर चांदीच्या भट्टीवर फुंकणी फुंकून त्यांच्या छातीचा भाता झाला होता, आता तरी निवांत बसले असतील. आत्याच्या डोळ्यांना दिसतंय का? आणि माळकरी आजोबा तिथं तरी तुला मटण घेऊन घरात येऊ देतात, की तिथंही तुझी चूल घरामागच्या परड्यातच? सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग. इकडचं विचारशील तर मी बरी आहे, पुण्याची लेक बरी आहे. तुझे जावई बरे नाहीत.

माझं अक्षर बघून हसू नकोस. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून शिकले, हे तुला ठाऊकच आहे. ह्यांच्या घशात गाठ निघाली. मशीनचे शेक झाले, तोंड कोरडं पडलं, अंगावरचं मांस गेलं. शाहूपुरीतल्या दुकानात दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकाला हसवणारा माणूस आता उचगावच्या घरात खाटेवर पडून भिंत बघतो. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, आता त्यांना आवडेल ते खायला द्या. त्याचा अर्थ मला कळला. ह्यांना तर माझ्याआधी कळला होता, कारण घरी येताना रिक्षातच म्हणाले, परड्यातलं भाजलेलं काळीज खावंसं वाटतंय.

लेकीला फोन केला तर ती पुढच्याच शनिवारी मोठं खोकं घेऊन आली. आत झाकणाची, चाकाची शेगडी. तिला ग्रिल म्हणतात. सोबत चिमटे, ब्रश आणि कोळसा झटक्यात पेटवायच्या तेलाची एक बाटली. आणि मला म्हणते, आई, तू आज्जीसारखं कसं भाजतेस ते सांग, मी लिहून घेते. मी सांगत गेले. ज्वाळ दिसतेय तोवर काही ठेवायचं नाही, कोळशावर पांढऱ्या राखेची साय धरली की मग. जाळीवर हात धरून बघायचा, तीन म्हणेपर्यंत चटका बसला तर मटणाला आच बरोबर, सहापर्यंत धरवला तर वांगी नाहीतर कणसं लावायची. निखारे सगळीकडे पसरायचे नाहीत, एका अंगाला ढीग आणि दुसरं अंग मोकळं, म्हणजे करपायला लागलेलं सरकवायला जागा राहते. तापलेल्या जाळीवर तेलात बुडवलेला अर्धा कांदा घासायचा. तुकडा भाजला की आपणहून जाळी सोडतो, तोवर त्याला ओढायचं नाही, उलथन्यानं दाबायचं तर मुळीच नाही, रस सगळा निखारा पितो. काळजाला मीठ शेवटी, नाहीतर ते चामड्यागत होतं. आणि उतरवलं की घटकाभर झाकून ठेवायचं, खाणाऱ्याला कितीही घाई असो. लेक म्हणाली, केवढं येतं गं तुला. यातलं माझं एकही नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

तुला तो रविवार आठवतो का, हुपरीचा? आप्पांकडे पैंजणं न्यायला कोल्हापूरचे पावणं येणार आहेत. मी दहा-अकरा वर्षांची. तू मसाला वाटायला आत गेलीयस आणि परड्यातल्या जाळीपुढं मला बसवलंयस. भट्टीचा उरलेला कोळसा, दमट. फुंकून फुंकून माझ्या डोळ्यांतून पाणी चाललंय आणि कोळसा नुसता धुमसतोय. दारात मोटारसायकल वाजते. मी घाबरते, स्टोव्हचं रॉकेल आणते आणि ओतते. कसा भडका उडाला. मला वाटलं, जिंकले. तू बाहेर आलीस, एक तुकडा तोंडात टाकलास आणि तिथंच थुंकलास. सगळी परात कुत्र्यापुढं ओतलीस. कुत्र्यानं हुंगलं आणि ते शेपूट घालून शेजारच्या गोठ्यात निघून गेलं. पावण्यांना पिठलं वाढावं लागलं. तू मारलं नाहीस, एवढंच म्हणालीस, "निखाऱ्याची वाट बघाय लागती. तुला दम न्हाय, तर जाळीपुढं बसू नगंस."

आणि तीच तू, माझ्या लग्नात रुखवताच्या भांड्यांखाली ती सायकलच्या तारांची जाळी घालून पाठवलीस. वर ह्यांना कुत्र्याची गोष्टही सांगून ठेवलीस. तेव्हापासून माझं नाव पडलं. आमटी जरा लागली की, "काय रॉकेलवाले, आज कुणाला पिठलं?" लेकीच्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा म्हणाले. मी किती चिडायची.

तर आता ऐक. लेक परत गेली, त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी काळीज आणलं. ह्यांची खाट शेजाऱ्यांना सांगून परड्यात आणून घेतली. त्यांची बसायची ताकद अर्ध्या तासाची. कोळसा भिंतीच्या ओलीला राहिलेला, तो काही धरेना. पंधरा मिनिटं गेली, ह्यांची मान कलायला लागली. मी लेकीनं आणलेली ती तेलाची बाटली घेतली आणि ओतली. राख धरायची वाट न बघता जाळी ठेवली. एक तुकडा चाखला आणि आई, तोंडात हुपरीचा तो रविवार आला. तोच वास. पण दुसरं काळीज नव्हतं आणि ह्यांनी हात पुढं केला होता. बारीक करून एक घास भरवला आणि मी मान खाली घालून बसले, आता रॉकेलवाले म्हणतील म्हणून. कितीतरी वेळ चावत होते. मग म्हणाले, "झालंय की चांगलं."

पुढच्या रविवारी मी पहाटे उठून, आठवडाभर पत्र्यावर उन्हात वाळवलेला कोळसा, कोरडा ठणठणीत, करवंट्यांवर पेटवला. तासभर बसले. राखेची साय धरली, हात धरून मोजलं, मीठ शेवटी टाकलं, झाकून ठेवलं. तुझ्या हाताला लाज येणार नाही असं झालं होतं. ह्यांना मग खाटेसकट परड्यात आणलं आणि घास दिला. म्हणाले, "झालंय की चांगलं." त्याच आवाजात. तेवढाच वेळ चावून.

लेकीला मी फोनवर सांगितलं की बाबांनी आवडीनं खाल्लं. तिला बरं वाटलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी येते, मी भाजते. ये म्हटलं. पुढच्या वेळा किती उरल्यात ते तिला मी काय सांगू.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा तुझ्या जाळीखालीच दुमडून ठेवीन. पण एक राहिलं. काल तिसरा रविवार होता. कोळसा कोरडा होता, मला घाईही नव्हती. तरी मी ती बाटली मुद्दाम ओतली, नुसता वास लागावा म्हणून. एकदा त्यांनी मला रॉकेलवाले म्हणावं म्हणून. त्यांनी घास गिळला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, झालंय की चांगलं.

उत्तर लवकर धाड, आई. नुसत्या शिव्या लिहिल्यास तरी चालतील.