पीचच्या झाडाशेजारचा उतार

२६ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ट्रक आला. सिमेंटचे ठोकळे, वाळू, पत्रे, तीन खिडक्या आणि एक दार उतरवलं. माणसांना ज्वारीची आंबील दिली. दुपारी वारा सुटला.

दार अंगणात ठोकळ्यांना टेकवून ठेवलंय. माझी लेक मोसा दिवसभर त्यावर टकटक करून "कोण आहे घरात?" विचारत होती. आणि स्वतःच पलीकडे पळत जाऊन "आम्ही!" म्हणत होती. दहा वर्षांची घोडी!

घर होणार! अर्ज माझ्या नवऱ्याने, मोकेतेने केला होता, चार वर्षांपूर्वी. घरं बांधून देणाऱ्या संस्थेचा होकार आला तेव्हा त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते. मला वाटलं, आता नाव कापतील. पण संस्थेची लिनेओ म्हणाली, "मे मामोसा, मोसाच्या आई, घर एका माणसाला नसतं, कुटुंबाला असतं." मी नुसती मान हलवली. ती गेल्यावर शेळ्यांच्या गोठ्यामागे जाऊन हसले. विधवेच्या काळ्या कपड्यांत! अजून चार महिने हे कपडे उतरायचे नाहीत, आणि मी हसतेय.

२८ ऑगस्ट, बुधवार

नकाशात दारापर्यंत उतार आहे. मोकेतेच्या खुर्चीसाठी काढलेला. खाणीत पाठ मोडली तेव्हापासून सहा वर्षं तो चाकांच्या खुर्चीत होता. आमच्या गोल झोपडीचं दार खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद. रोज संध्याकाळी मी त्याला पाठीवर घेऊन आत न्यायची. खुर्ची बाहेर, पोत्याखाली. तो म्हणायचा, "नवं घर झालं की मी माझ्या दारातून एकटा आत जाईन. कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही!"

आज गवंडी थेजाने म्हणाला, "आता उतार कशाला, मे? दोन पायऱ्या करतो. उरलेल्या सिमेंटचा ओटा घालतो, राणीसारख्या बसा."

"उतार हवा."

"कोण येणार त्यावरून?"

"ढकलगाडी," मी म्हटलं.

खोटं. पण खरं काही तोंडातून निघेना. तो म्हणाला, लिनेओला विचारावं लागेल.

३१ ऑगस्ट, शनिवार

लिनेओ शुक्रवारी येणार. उतार राहतो की जातो, तेव्हाच कळेल. माझ्या ताटातला मक्याचा पापा शेळ्यांना घातला.

३ सप्टेंबर, मंगळवार

भिंती कमरेएवढ्या झाल्या! सगळ्या बायका रांगेत उभ्या राहून, गात गात ठोकळे पुढे देत होत्या. मी घोंगडी लपेटून कडेला बसले होते.

थेजाने भिंत सरळ कशी असावी यावर भाषण देत होता. वाऱ्याने त्याची गवती टोपी उडाली ती थेट कालवलेल्या सिमेंटमध्ये. त्याने ती न बघता उचलली आणि तशीच डोक्यावर ठेवली! कानामागून ओघळ चाललाय आणि हा सांगतोय, "गवंड्याची नजर तीक्ष्ण हवी." मानाचा माणूस, म्हणून कोणी हसेना. मी घोंगडीत तोंड खुपसलं. खांदे हलायला लागले.

"अगं रडू नको," नणंद मातुमेलो म्हणाली. "बघा गं, बिचारीला मोकेतेची आठवण आली." सगळ्या धावल्या. कोणी पाठीवर हात फिरवतंय, कोणी पाणी आणतंय. मी जास्तच हलायला लागले. मातुमेलोने मला छातीशी घेतलं — आणि थोड्या वेळाने तिचंही अंग हलायला लागलं. कानात म्हणाली, "मेले, मला आधी सांगायचंस ना! मला वाटलं मीच एकटी पापी!"

६ सप्टेंबर, शुक्रवार

लिनेओ आली. "ढकलगाडीसाठीच ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

थेजानेने दोरी धरली. नकाशाप्रमाणे उतार बारा पावलं लांब, आणि सातव्या पावलावर पीचचं झाड. आमच्या लग्नाच्या वर्षी मोकेतेने लावलेलं. सध्या पान दिसत नाही इतकं फुललंय.

"झाड की उतार?" थेजाने म्हणाला.

"दोन्ही."

"मग सहा पावलांत चढ उभा होईल."

"होऊ दे."

लिनेओने पोत्याखालच्या खुर्चीकडे पाहिलं. "खुर्चीसाठी असता तर असा करू दिला नसता," ती म्हणाली. "ढकलगाडीला चालेल."

मिळाला! उतार मिळाला! रात्री पापा दोनदा वाढून घेतला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

उतार ओतला. थेजाने थापीने गुळगुळीत करून मागे सरकला, तोच मातुमेलोची शेळी टणाटण वर! दारातून आत डोकावली, मान वळवली, खाली आली.

"न्ताते थेजाने, बाबा, रागावू नका," मातुमेलो म्हणाली. "तपासणीस आला होता. घर पास केलंय!"

"तिची तर मी आमटी करीन!"

पुन्हा थापी फिरली. मोसाने हात जोडले म्हणून खुरांचे वरचे दोन ठसे तसेच राहिले.

१८ सप्टेंबर, बुधवार

किल्ली मिळाली. लिनेओ बोलली, लेसोथोभर या वर्षी चाळीस घरं, त्यातलं हे एक. बायका नाचल्या. काळ्या कपड्यांत मला नाचायची मुभा नाही. बुटात अंगठे नाचले. ते कोणाला दिसतात!

२२ सप्टेंबर, रविवार

सगळे चर्चला गेले. मी डोकं दुखतंय म्हणाले.

पोतं काढलं. खुर्चीची चाकं पुसली. उताराच्या पायथ्याशी नेऊन तिच्यात बसले. कोणी हात लावायचा नाही. चाकं धरून जोर केला. अर्ध्यापर्यंत गेले, घसरत मागे आले. तीन वेळा. माझे हात कारखान्यात अठरा वर्षं कापडाचे गठ्ठे उचललेले. त्याच्या हातांच्या तर शेवटी काड्या झाल्या होत्या.

त्याला जमलंच नसतं. अर्ध्यात अडकून त्याने मलाच हाक मारली असती, आणि मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नसता.

मी उतरले. मागे गेले आणि त्याला रोज ढकलायची तशी खुर्ची ढकलली. दाराला कुठेच लागली नाही. खिडकीपाशी ठेवून ब्रेक लावला.